तारागर्भ

कुरवंडे,
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय सुषी,

जयभीम. हे पत्र मुद्दाम तुझ्या अंगणवाडीच्या पत्त्यावर टाकतेय. तुमच्या घरी फोन केला की आधी सगळी ओसरी ऐकते आणि मग तू.

मला नोकरी लागली. पुण्यातली संशोधनाची जागा यंदाही हुकली. दोन वर्षं तारे कसे जन्मतात यात डोकं घातलं आणि आता एका रिसॉर्टच्या गच्चीवर उभी राहून पाहुण्यांना तारे दाखवते. जागा नागफणीकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. दुर्बीण चांगली आहे. चांगलं म्हणावं असं इथं तेवढंच.

बाकी सगळ्याची पहिल्याच आठवड्यात शिसारी आली. पाहुणे गच्चीवर येतात तेव्हा हुक्का, तळलेले मासे आणि अत्तर यांचा मिळून एक वास त्यांच्यासोबत चढून येतो. मी दुर्बीण मृग नक्षत्रावर लावते. मृगाच्या पोटात तीन ताऱ्यांचा बाण आहे ना, त्याच्याखाली एक पुसट डाग दिसतो. तो वायूचा आणि धुळीचा प्रचंड ढग आहे आणि त्यात नवे तारे तयार होत असतात. हे सांगताना माझ्या अंगावर अजून काटा येतो. काल एका गृहस्थांनी डोळा लावला आणि म्हणाले, "यात कलर कुठंय? मोबाईलवर तर गुलाबी दिसतं." त्यांची बायको काचेवर लिपस्टिकचा डाग ठेवून गेली. जिन्यात कुणीतरी ओकलं होतं. एक बाई वाकून ते पुसत होती आणि दोन पायऱ्या वर सेल्फी चालला होता.

खालच्या हॉलमध्ये आणखी एक प्रकार चालतो. त्याला 'तारागर्भ' म्हणतात. मूल होत नसलेली जोडपी येतात, धूर सोडतात, जांभळे दिवे लावतात. श्रीपतीजी नावाचे एक जण तो चालवतात. मखमली अंगरखा, गळ्यात स्फटिक. तीन वर्षांपूर्वी हेच गृहस्थ पवनेच्या काठचे प्लॉट विकत होते. त्यांनी माझ्याकडून ताऱ्यांच्या जन्माची माहिती रेकॉर्ड करून घेतली. "मॅडम, तुमचा आवाज फार आश्वासक आहे," म्हणाले, आणि म्हणताना माझ्या गळ्याकडे बघत होते. मी अर्धा तास बोलले. एक अक्षर चुकीचं नाही. पुढे ते त्याचं काय करायचं ते करोत. मी खाली उतरतच नाही. त्या दारातून धूर येतो, मी नाकाला ओढणी लावून वर जाते.

सोमाटण्याच्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? सरूबाई अजून सुनेला अंगारे लावतात का, आणि उमेश आईला काही बोलतो का? लिही.

तुझी,
अमू


पवनानगर,
२ डिसेंबर

अमूला सुषीचा नमस्कार.

पत्र मिळालं. मी बोलते तशीच लिहिते, हसू नको. कामशेतच्या शाळेत तू माझे निबंध सुधारून द्यायचीस, आता कोण देणार?

तू ताऱ्यांचं काम करतीस ह्याचं मला लय कौतुक वाटतं. उमेशला सांगितलं तर तो म्हणाला, मी त्याच रस्त्याला जातो, भाजीची पिकअप घेऊन. तुमच्या स्वैपाकघरात मटार-फ्लॉवर तोच टाकतो. तुला गच्चीवर हात करतो म्हणे, तुला दिसत न्हाई.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एका बाजूची नळी खराब हाय. दुसरी चांगली हाय. गोळ्या चालू ठेव आन् जानेवारीत दुर्बिणीचं ऑपरेशन करू. मला हसू आलं. तुझी दुर्बीण आभाळात आन् माझी पोटात.

लग्नाला आठ वर्षं झाली. मागच्या शुक्रवारी शेजारच्या सुनेचं ओटीभरण होतं. मी ताट घेऊन गेलते. तिच्या आत्यानं माझ्या हातातनं ताट काढून घेतलं, हसत, लय गोड बोलत. म्हणाली, तू बस गं, दमली असशील. मी काय दमले होते? मग तिनं ते ताट पदरानं पुसलं. अमू, मला त्या बाईची इतकी घाण वाटली की तिच्या हातचा पेढा मी मागच्या दारी थुंकले. आन् घरी येऊन रडले न्हाई, चूळ भरत बसले.

तो ढग कसा असतो गं? तारा त्यात आधीपासून असतो का मागनं येतो? समद्या ढगात होतो का? आन् ज्या ढगात होत न्हाई त्याला काय म्हणतात? वेळ काढून लिही. मला खरंच पायजे हाय.

सुषी


कुरवंडे,
१४ डिसेंबर

प्रिय सुषी,

त्या आत्याचं ताट तिच्या डोक्यावर आपटायला मी असते तर बरं झालं असतं.

तुझ्या प्रश्नांना इथल्या कुठल्याही पाहुण्याला देते त्यापेक्षा मोठं उत्तर देते. हे ढग पावसाच्या ढगासारखे नसतात. बहुतेक हायड्रोजन, आणि त्यात काजळीसारखी थोडी धूळ. इतके विरळ की आपल्याकडच्या प्रयोगशाळेत सगळी हवा उपसून काढलेली बाटलीसुद्धा त्यांच्यापेक्षा भरलेली निघेल. पण पसारा एवढा मोठा की एका टोकाचा उजेड दुसऱ्या टोकाला पोचायला माणसाचं आयुष्य जातं. आणि आत भयंकर थंडी, शून्याच्या खाली दोनशे साठ अंश. थंडी हवीच. गरम वायू पसरायला बघतो, गार वायू जवळ येऊ शकतो. कुठे तरी थोडा जास्त वायू जमतो, तो आपल्याच वजनानं आत ओढला जाऊ लागतो. जितका दाटतो तितका आणखी ओढतो. मधला गोळा तापत जातो. लाखो वर्षांनी तो इतका तापतो की हायड्रोजनचे कण एकमेकांत मिसळून हेलियम बनू लागतो, आणि मग तो तारा होतो. म्हणजे तारा आधी नसतो. बी पेरलेलं नसतं, कुणी वाट बघत नसतं. जमलं तर जमतं.

सगळ्या ढगात होत नाही. ज्यात होतो त्यातलाही बहुतेक वायू तसाच राहतो. शंभरातला दोन-चार भाग ताऱ्यांच्या वाट्याला येतो. मोठे तारे पेटले की त्यांचा उजेड आणि वारा उरलेला ढग फाडून उधळून लावतो. ज्या ढगात तारा होत नाही त्याला काय म्हणतात, विचारलंस. ढगच म्हणतात, सुषी. दुसरा शब्द कुणी केलेला नाही.

म्हणूनच खालच्या हॉलमधला तो 'गर्भ' शब्द मला सहन होत नाही. परवा हॉलमधून बाहेर पडलेल्या एका बाईनं माझा हात धरला. घामानं ओला, चिकट हात. म्हणाली, "तुम्हीच का त्या? काय गोड बोलता हो." मी हात सोडवून घेतला आणि वर येऊन साबणानं धुतला.

ऑपरेशन कर. घाबरू नको. सुट्टी काढून मी येईन सोबतीला. तारीख कळव.

अमू


पवनानगर,
५ जानेवारी २०२५

अमू,

पत्र दोनदा वाचलं. तुला वेळ नसतो तरी एवढं लिहिलंस.

ऑपरेशन जरा पुढं ढकललंय. काळजी करू नको, माझं बरं चाललंय. मन लय शांत झालंय म्हण ना.

एक विचारते. तिथल्या हॉलमधी आवाज तुझाच असतो ना? दुसऱ्या कुणाचा न्हाई ना?

सुषी


कुरवंडे,
१६ जानेवारी

प्रिय सुषी,

आवाज माझाच. दुसरं कोण बोलणार? पण ते सोड. ऑपरेशन पुढं का ढकललं?

मला सगळं दिसतंय. सरूबाईंनी नको म्हटलं असणार. पोटाला सुरी लावायची नाही, अमक्या देवाला कोंबडं बोला, तमक्या बुवाचा अंगारा लाव. आणि उमेश आईच्या पुढे तोंड उघडत नसणार. मला अशा घरांचा वीट आलाय. गाडीत मोबाईल, हातात मोबाईल, आणि बाईच्या पोटाचा निर्णय म्हातारी घेणार. "मन शांत झालंय" असं तू लिहितेस, याचा अर्थ तू हार मानलीस.

इथेही तेच. फरक एवढाच की ही माणसं इंग्रजीत बोलतात. शनिवारी एका डब्यातून धुराचं औषध सांडलं, गच्चीपर्यंत गोडूस वास आला, दोन दिवस जेवण गेलं नाही. श्रीपतीजींनी आता हॉल वाढवलाय. मागे कर्मचाऱ्यांच्या ओळखीतल्यांसाठीही एक रांग ठेवलीय म्हणे. दया करतात! जिन्यावर भेटले की हसून म्हणतात, "मॅडम, तुमच्यामुळे." मी भिंतीकडे बघत पुढे जाते.

डॉक्टरीणबाईंकडे जा. तू सांगितलं नाहीस तर मी येऊन सासूबाईंशी भांडेन.

अमू


पवनानगर,
२२ फेब्रुवारी

अमृता,

तू लिहिलंस त्यातलं काय बी खरं न्हाई. सरूबाईंनी कधी नको म्हटलं न्हाई. उमेशनं न्हाई. मी नको म्हटलं. का ते ऐक.

डिसेंबरात, तुझं ते ढगाचं पत्र आलं त्याच्यानंतर मी उमेशच्या मागं लागले. तो भाजी टाकायला येतो तर तिथला सुपरवायझर त्याच्या वळखीचा. त्यानं आमाला मागल्या रांगेत बसवलं. तुला सांगायचं न्हाई असं मीच म्हणाले. तू हसली असतीस.

अंधार केला. धूर सोडला. मग तुझा आवाज आला. अमू, शाळेत कविता म्हणायचीस तोच आवाज. सगळं पत्रातलंच बोललीस. ढग, थंडी, कसा जवळ येतो, कसा तापतो. मला सगळं कळत होतं. बाकीच्या बायका नुसत्याच रडत होत्या आन् मला कळत होतं. मला इतका अभिमान वाटला तुझा. आन् मग तू म्हणालीस, "हाच ढग आता तुमच्या पोटात उतरतो आहे. त्याला थंड राहू द्या. औषधाने तो पांगतो. शस्त्र लावलंत तर तारा विझतो."

पत्रात तू ऑपरेशन कर म्हणालीस आन् तिथं नको म्हणालीस. मी लय इच्यार केला. मला वाटलं, पत्रात माझी मैत्रीण बोलती. तिला माझी काळजी हाय, म्हणून सगळे सांगतात तेच सांगती. तिथं शिकलेली बाई बोलती. मी शिकलेल्या बाईचं ऐकलं. तरी खात्री करायला तुला विचारलं, आवाज तुझाच का? तू म्हणालीस, माझाच.

गोळ्या बंद केल्या. जानेवारीच्या शेवटाला पाळी चुकली. तपासलं तर दोन रेघा आल्या. मी कुणाला सांगितलं न्हाई. मग एका बाजूला दुखायला लागलं, जरा जरा रक्त जायला लागलं. मी म्हटलं, तापतंय. तूच म्हणाली होतीस, आधी दाटतं, मग तापतं. सरूबाई रोज म्हणायच्या, "तुझा चेहरा पांढरा पडलाय, दवाखान्यात चल." मी म्हणायचे, उद्या. शेवटी अंगणवाडीत खिचडीच्या पातेल्यापाशी पडले. सरूबाईंनी मला पाठीवर घेऊन पिकअपमधी घातलं, मांडीवर डोकं धरलं. त्यांचं लुगडं सगळं माझ्या रक्तानं भरलं.

मूल नळीतच राहिलं होतं. खराब नळीत. नळी फुटली. काढून टाकली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुखायला लागलं तवाच आली असतीस तर बहुतेक इंजेक्शनावर भागलं असतं.

मला तुझी किळस येती अमृता. त्या आत्याची येत होती त्याच्याहून जास्त. तिनं नुसतं ताट पुसलं होतं.

परत लिहू नको.

सुषमा


कुरवंडे,
१ मार्च

सुषमा,

लिहू नको म्हणालीस तरी लिहितेय. फाडलंस तरी चालेल, पण वाचून फाड.

ते मी बोललेले नाही.

तुझं पत्र हातात घेऊन मी त्याच संध्याकाळी खाली गेले. पहिल्यांदा. बावीस-पंचवीस जोडपी गाद्यांवर आडवी पडली होती, बायकांचे हात पोटावर. गालिच्याखालून धूर येत होता. आणि वरून माझा आवाज. आधी माझं अर्धा तासाचं बोलणं, जसंच्या तसं. मग श्वासही न घेता तोच आवाज पुढे म्हणाला, औषधाने ढग पांगतो. आपल्याच तोंडातून दुसऱ्या कुणाची तरी जीभ बाहेर यावी तसं वाटलं.

श्रीपती दारातच होता. मी विचारलं, "हे कुणी म्हटलं?"

"तुम्हीच, मॅडम. आवाज तुमचाच आहे."

"मी हे बोललेले नाही."

"वाक्यं आमची. आवाज तुमचा. तुमचं रेकॉर्डिंग संगणकाला ऐकवलं की तो तुमच्या आवाजात काहीही बोलतो. आता तुम्हाला त्रासच नाही. आणि लोकांना बरं वाटतं, त्यात तुमचं काय गेलं?"

मी भिंतीवरची सगळी बटणं दाबली. दिवे लागले. धुराचं यंत्र एका बुटाच्या खोक्याएवढं होतं. मी ओरडून सांगितलं, की हा आवाज माझा आहे आणि हे बोलणं खोटं आहे. तो ढग इथून तेराशे प्रकाशवर्षं लांब आहे, तो कुणाच्या पोटात उतरत नाही, त्याला कुणी माहीत नाही. गोळ्या बंद केल्या असतील तर उद्याच डॉक्टरकडे जा. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक बाई उठून बसली आणि म्हणाली, "आता सांगताय? आमची ही तिसरी वेळ." तिचा नवरा माझ्यावर पाण्याची बाटली फेकून म्हणाला, "हिला बाहेर काढा." मला हाताला धरून फाटकाबाहेर सोडलं.

तुला हे सांगून मी सुटत नाही. त्या हॉलच्या दारापर्यंत मी रोज येत होते आणि नाकाला ओढणी लावून वर जात होते. मला किळस येते म्हणजे मी त्यांच्यातली नाही, असं मला वाटत होतं. त्या बाईनं हात धरला तेव्हा तिला "काय ऐकलंत?" एवढं विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. मी हात धुतला. आणि सरूबाईंबद्दल जे लिहिलं ते आठवलं की पेन खाली ठेवावंसं वाटतं.

पोलिसांकडे तक्रार दिलीय. त्यांनी घेतली, जादूटोण्याविरुद्धचा कायदाही आहे. पण ते म्हणाले, ऐकून ज्याचं नुकसान झालं असं कुणी पुढे आलं तर खटला उभा राहील. मी तुझं नाव घेतलेलं नाही. घेणार नाही. तू काहीही करायला बांधील नाहीस. मी आता बेडशाला आईकडे राहते. सामान न्यायला आज इथं आलेय, तेवढ्यात हे लिहून टाकतेय.

अमृता


पवनानगर,
३० मार्च

अमू,

पत्र आलं त्या दिवशी उमेशनं मोठ्यानं वाचून दाखवलं, सरूबाईंना ऐकायचं होतं म्हणून. त्यांच्यावर आधीच्या पत्रात काय लिहिलं होतंस ते बी मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "पोरगी रागावली व्हती तुझ्यासाठी. पुढं वाच."

पोलीस ठाण्यात जबाब द्यायला गेले ते तुझ्यासाठी न्हाई. त्या हॉलात तिसऱ्या वेळेची बाई होती म्हणालीस ना, ती डोक्यातनं जाईना. ती अजून तिथंच झोपली असंल, पोटावर हात ठेवून. मी साहेबांपुढं सगळं सांगितलं. पाळी, रक्त, नळी, सगळं. तीन पुरुष आन् एक हवालदारीणबाई. लाज वाटंल असं वाटलं होतं, पर वाटली न्हाई. श्रीपती बाजूच्या खोलीत होता. दार लोटलेलं होतं, त्याची ती मखमलीची बाही दिसत होती. मला वाटलं एखादं ओलं जनावर बसलंय.

मग साहेबांनी ती टेप लावली. म्हणाले, "नीट ऐका. हाच आवाज का?"

मी म्हणाले, "आवाज हाच हाय साहेब. पर ही बाई न्हवं."

"म्हणजे काय?"

"ही मधी थांबत न्हाई. अमृता असती तर 'कळलं का गं' म्हणून थांबली असती." त्यांनी तसंच लिहून घेतलं.

आता आणखी चार घरची माणसं पुढं आलीत असं कळलं. हॉलला कुलूप हाय. गच्ची चालू हाय, उमेश म्हणतो. दुसरा कुणी पोरगा दुर्बीण दाखवतो.

त्या दिवशी ठाण्याबाहेर तू बाकावर बसली होतीस. उठून "सुषी" म्हणालीस आन् माझ्या तोंडात कडू पाणी आलं. मी गाडीत जाऊन बसले. तुला वाटलं असंल, अजून राग हाय. राग न्हाई. मला सगळं पटलंय. पर कानाला पटत न्हाई. तुझा आवाज आला की तो धूर नाकात येतो आन् बाजूला कळ उठती. ह्याला मी काय करू?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुसरी नळी चांगली हाय, वरीसभर थांब, मग बघू. बघीन न्हाईतर न्हाई. सध्या कुणी विचारलं तर मी सरळ उठून जाते.

रविवारी घरी ये. सरूबाईंनी बोलावलंय. तांदळाची भाकरी आन् वाटाण्याची उसळ करते. दाराशी हाक मारू नको, कडी वाजव. आत ये, माझ्या शेजारी बस, जेव. पर बोलू नको अमू. एवढी एक वेळ गप जेव.

सुषी